उंबऱ्याइतकी जमीन

६ मार्च

बेगायिम,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शहराला फेऱ्या मारणाऱ्या तालांतच्या गाडीतून पाठवतेय. त्याला बजावून सांगितलंय, पाकीट बेगायिमच्याच हातात दे, तिच्या आईच्या नको. विहीणबाईंच्या हाती पडलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिश्केकला कळेल की शारीपानं सुनेपुढे नाक घासलं. मी नाक घासायला लिहीत नाहीये. माझं काम आहे.

घराची जमीन नवी करायचं ठरवलंय. चुलीपाशी फळ्या कुजल्यात. परवा माझी टाच एका भोकात गेली आणि हातातला चहा मांजरावर सांडला. मांजर अजून माझ्याकडे फिरकत नाही. दोन्ही खोल्या करून घेणार आहे. इसाबेक सुतार म्हणतो, वरून लिनोलियम अंथर आणि मोकळी हो. मी म्हटलं, तुझ्या घरी अंथर. लिनोलियमखाली ओल धरते आणि चार वर्षांनी घराला तबेल्याचा वास येतो. मला लाकूडच हवंय.

तर विचारायचं असं की रंग कोणता द्यायचा. सगळं गाव तपकिरी तैलरंग देतं, आपल्याकडेही तोच आहे. तू एकदा म्हणाली होतीस, लाकडाचा मूळ रंग दिसू द्यावा, वर नुसतं वार्निश द्यावं. तेव्हा मी काय बोलले ते आठवत नाही, चांगलं काही बोलले नसेन. आता तुझं काय मत आहे ते कळव.

त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. तू चुकलीस असंही लिहीत नाही, एवढ्यावर भागव.

सोबत झिबेकसाठी वाळवलेल्या दह्याच्या कुरुतची पिशवी आहे. मीठ जरा कमी घातलंय. ओठावरची खूण गेली का?

आणि एक, सहज विचारते. तिला तिकडे जी चाकांची खुर्ची मिळाली, ती रुंदीला किती आहे?

शारीपा

२५ मार्च

बेगायिम,

नोरुझ झाला. तुझा फोन आला नाही, पत्रही नाही. तालांत म्हणतो, पाकीट तुझ्याच हातात दिलं. बरं.

लाकूड मागवायला मी स्वतः बालिक्चीला जाऊन आले. सायबेरियाची मालगाडी तिथपर्यंतच येते, पुढे नारीनपर्यंत लाकूड पोचतं ते चार हात फिरून, आणि चांगल्या फळ्या आधीच कुणीतरी उचललेल्या असतात. वखारीत ल्युबा नावाची बाई आहे, माझ्याच वयाची, तोंडानं माझ्याहून फटकळ. आमचं लगेच जमलं. मी एकेक फळी उचलून डोळ्यासमोर धरून बघत होते, तर म्हणते, "आजी, जमीन करताय की जावई निवडताय?" मी म्हटलं, जावई वाकडा निघाला तर मुलगी माहेरी येते, फळी वाकडी निघाली तर कुठे पाठवू?

हे लिहून झाल्यावर वाटलं, खोडावं. पण शाईनं लिहिलंय, आता असू दे.

खालच्या वाशांना लार्च घेतलं, ते ओलीला दाद देत नाही. वर पाइनच्या फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते तशा. ल्युबा म्हणाली, मापापेक्षा दहावा हिस्सा जास्त घ्या, तुटफूट होते, गाठी निघतात. मी घेतला नाही. माझं माप पक्कं आहे, दोन्ही खोल्या मी स्वतः दोरीनं मापल्यात. वाशांची उंची मात्र मी सांगितली तेव्हा तिनं दोनदा विचारलं. "एवढे उंच? खाली कोंबड्या पाळणार का?" मी म्हटलं, तू फक्त काप.

वाशांच्या मध्ये लोकर भरणार आहे, आपल्याच मेंढ्यांची. दोन वर्षांची पोत्यात पडून आहे, कुणी विकत घेत नाही. कसर लागू नये म्हणून एर्मेनचा कडू पाला घालीन. विहीणबाईंच्या फ्लॅटमध्ये ते चकचकीत लॅमिनेट आहे ना, लाकडाचा फोटो चिकटवलेलं? त्यावर पाय गार पडतात. झिबेकचे पाय तर उन्हाळ्यातही गारच असतात, ते मोज्यांनी भागत नाही. रात्री झोपताना चोळतेस ना?

खुर्चीची रुंदी तू कळवली नाहीस. दवाखान्यात एक तशी खुर्ची आहे, तिचं माप मी घेऊन आले. नर्सनं विचारलं, "आपा, कुणाला हवीय?" मी म्हटलं, कुणाला नाही, बघतेय. तरीपण तू कळव.

शारीपा

१७ एप्रिल

बेगायिम,

फळ्या आल्या. गोठ्यात एकीवर एक रचल्यात, मध्ये काटक्या घालून, वारा खेळावा म्हणून. गाय नाराज आहे. इसाबेक म्हणतो, आणखी दोन आठवडे तरी वाळू दे, नाहीतर बसवल्यावर आकसतील आणि फटीतून बोट जाईल.

आता तुला सांगायला हवं, कारण इसाबेकला कळलं म्हणजे गावाला कळलंच. तो वासे बघून गेला आणि मग परत आला, दारात उभा राहून एकदा वाशांकडे बघतो, एकदा उंबऱ्याकडे. म्हणाला, "आपा, हे वासे बरोबर उंबऱ्याच्या उंचीचे आहेत."

"डोळे आहेत तुला," मी म्हटलं.

"म्हणजे जमीन वर आणून उंबऱ्याला टेकवायची?"

"हो."

"मग दार खालून कापावं लागेल. चुलीचं तोंड जमिनीत जाईल, ती विटांवर उचलावी लागेल. छत खाली येईल. बाहेरून भरावाचा उतार करावा लागेल. आपा, तू करवत दे, मी उंबरा कापतो आणि दुपारच्या चहाला घरी जातो. एका उंबऱ्यासाठी अख्खं घर उचलायचं?"

मी म्हटलं, उंबराही माझा, घरही माझं, तू करवतीला तेल लाव.

बेगायिम, तू म्हणाली होतीस तेच तोही म्हणाला, कापा. मी त्या दिवशी 'घराचा उंबरा कापत नाहीत' एवढंच बोलले आणि तू पोरीच्या उंबऱ्यावर आपटून फुटलेल्या ओठावर ओला रुमाल धरून तालांतच्या गाडीत बसलीस. मला पुढचं बोलायचं होतं, पण गाडी निघून गेली. तर पुढचं आता लिहिते. सासऱ्यांनी आर्चाच्या झाडाची अख्खी तुळई डोंगरावरून आणून तो बसवला, हे काही कारण नव्हे. सासरे गेले, त्यांना काय कळतंय. पण माझा कुबात चालायला शिकला तेव्हा तो उंबरा त्याच्या पोटाला लागायचा. त्यावर पालथा पडून पलीकडे घसरायचा आणि उठून माझ्याकडे असं बघायचा की जणू खिंड ओलांडली. मधला गुळगुळीत भाग त्याच्या पोटानं झालाय. त्याला जाऊन तीन हिवाळे झाले. त्याच्या हातचं, पोटाचं, या घरात दुसरं काय उरलंय? तू आणि झिबेक होतात, तुम्हीही गेलात.

म्हणून कापत नाही. जमीन वर आणते. उंबऱ्याच्या बरोबरीला आली की तो आडवा येणार नाही. खुर्ची अंगणातून सरळ चुलीपर्यंत येईल. उंबऱ्यावर पाय देऊ नये असं जुनी माणसं सांगून गेलीत. चाकाबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. मी मुल्लांनाही विचारलं नाही, उगाच कशाला आठवण करून द्यायची.

मला एवढंच हवंय की या उन्हाळ्यात झिबेक या घरात यावी, आणि कुणाच्या पाठुंगळीवर न बसता आपली आपण आत यावी.

रुंदी कळव गं.

शारीपा

४ मे

बेगायिम,

घाईत लिहितेय. तालांत हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

काम सुरू झालं आणि माझं पक्कं माप तोंडावर आपटलं. मोठ्या खोलीत समोरच्या भिंतीला, मानाच्या जागी, तुझी पेटी आहे आणि तिच्यावर तुझ्या आईनं दिलेल्या रजया छतापर्यंत रचलेल्या. ती जागा मी मोजलीच नाही. मापताना दोरी पेटीच्या पायापाशी आली आणि मी तिथेच गाठ मारली. पेटीखाली जमीन असते हे कुणाच्या डोक्यात येतं? तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून ती तिथून हललेली नाही. इसाबेक पोट धरून हसला. म्हणाला, गावातल्या प्रत्येक बाईनं हेच केलं असतं.

तेवढ्यापुरत्या फळ्या कमी पडल्या, ते जाऊ दे. खरी अडचण पुढची आहे. पेटीभोवती जमीन वर आली तर पेटी खड्ड्यात राहील. ती बाहेर काढावीच लागली. काल चौघांनी उचलून अंगणात ठेवली, वर ताडपत्री टाकलीय.

आता नीट वाच. सासरच्या दारातून सुनेची पेटी बाहेर आली की लोक काय समजतात ते तुला सांगायला नको. समोरची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शेवटी सोडलंस तर तिला. बरं केलंस, पोर तरुण आहे." मी तिला सांगितलं, जमीन करतेय. ती म्हणाली, "हो हो, जमीन." तिची बहीण तुझ्या आईच्या गल्लीत राहते.

मी पेटी परत पाठवत नाहीये. तुला कुणी भेटलं, तुला पुन्हा संसार करावासा वाटला, तर तू येऊन मला सांगशील आणि मी अडवणार नाही. रडेन, पण अडवणार नाही. पण मी होऊन ती पेटी या घरातून घालवणार नाही. पेटी गेली की झिबेक या घरची राहत नाही, आणि मग मी ही जमीन कुणासाठी करतेय?

कुणी काही सांगितलं तर हे पत्र आधी वाच.

शारीपा

११ मे

बेगायिम,

माझ्या पत्राआधी म्हातारीची बातमी तुझ्या आईकडे पोचली, आणि मग तुझा भाऊ इथे पोचला. एमिल, ट्रक घेऊन. उतरला, सलाम केला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आपा, आई म्हणाली, तुम्ही पाठवणारच आहात तर आपणच घेऊन यावं, तुम्हाला त्रास नको."

मी ताडपत्री बाजूला केली आणि पेटीवर जाऊन बसले. बसूनच त्याला म्हटलं, आधी चहा पी. कोवळं पोर, त्याला काय करावं कळेना. मी पेटीवर, तो उलट्या बादलीवर, मध्ये तळलेले बोरसोक आणि लोणी. दोनदा चहा झाला. तो म्हणाला, "आपा, तुम्ही उठल्याशिवाय मी पेटी कशी उचलू?" मी म्हटलं, तेच तर.

मग त्याची नजर दाराकडे गेली. उतार अर्धा झालाय, दगड बसवायचेत. जमीन दारापर्यंत आलीय, उंबरा तिच्यात सपाट दिसतो. एमिल उठला, उतारावरून वर गेला, आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. इसाबेकची वाळूची हातगाडी तिथे होती, ती ढकलत त्यानं अंगणातून थेट चुलीपर्यंत नेली. धक्का लागला नाही. बाहेर येऊन बादलीवर बसला आणि त्यानं आणखी एक बोरसोक उचलला.

मी विचारलं, "माझी पत्रं ती वाचते का?"

म्हणाला, "ताई उघडत नाही. झिबेक उघडते. स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचते. ताई भांडी घासत असते."

"आणि?"

"आणि नळ बंद करते."

मला एकदम रडू आलं. पोराच्या समोर, पेटीवर बसून. त्याला म्हटलं, धूर गेला डोळ्यात. चूल तर विझलेली होती.

ट्रक रिकामा गेला. रिकामा म्हणजे, लोकरीची दोन पोती दिली त्याला, उरली होती. तुझ्या आईला सांग, लॅमिनेटखाली घाल म्हणावं.

आणि झिबेक, हे तू वाचतेयस म्हणे. मग तुझ्या आजीबद्दल, म्हणजे विहीणबाईंबद्दल, मी जे काही लिहिलं ते विसर. वाचतेस ते छान करतेस. लांब शब्दांपाशी अडखळू नकोस आणि कुरुत एका दिवसात संपवू नकोस. तुझ्या बापाची तीच खोड होती. आईनं नळ परत सोडायच्या आत तिला विचार, रुंदी किती?

तुझी आपा

२२ मे

बेगायिम,

तालांत आज गाडी थांबवून स्वतः उतरला. एरवी खिडकीतून हात बाहेर काढतो. त्यानं एक पुरचुंडी दिली. आत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता धागा. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ दिलेला, दोन्ही टोकांना गाठी.

मी तो हातात घेऊन उभी राहिले. झिबेकच्या पहिल्या वाढदिवसाला असाच काळा-पांढरा धागा तिच्या पायांना बांधला होता. अंगणात पोरं शर्यतीत धावली आणि जिंकलेल्यानं तो कापला, आमचं लेकरू आता धावेल म्हणून. धावलं नाही. त्या दिवशी तू हसत होतीस, कुबात सगळ्यांना लोणी वाढत होता. गाठ तुझी आहे, मी ओळखते. झिबेकनं मारली असती तर सुटली असती.

मग दाराशी गेले आणि धागा चौकटीला लावला. चार बोटं जास्त निघाला.

दवाखान्यातली खुर्ची बारीक होती. तिला बाहेरून ती हातानं फिरवायची कडी नाही, झिबेकच्या खुर्चीला असणार. इसाबेकनं धागा पुन्हा लावून बघितला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाला, "आपा, आता?" बिचारा घाबरला होता. जमीन झाली, चूल उचलली, दार कापलं, उतार झाला, आणि खुर्ची दारातच अडकणार. चौकट रुंद करायची म्हणजे दोन्ही खांब काढायचे. खांब उंबऱ्यात रोवलेत, उंबराही काढावा लागणार. जे टाळायला एवढा घाट घातला, ते शेवटी करावंच लागणार.

मला राग यायला हवा होता. मला आनंदच झाला होता, काय करू. तू माप पाठवलंस. माप कुणी उगाच पाठवत नाही.

मी म्हटलं, "काढ."

इसाबेक म्हणाला, "नक्की ना आपा? मग रडायचं नाही."

"रडेन की नाही ते मी बघते. तू खांब बघ."

रडले. पण तो पहारीनं उंबरा उचलत होता तेव्हा दुसरं टोक मीच धरलं. खाली सासऱ्यांनी पुरलेला एक चमचा निघाला, का पुरला होता देव जाणे. उंबरा उचलून बाजूला ठेवला आणि घर जागच्या जागी होतं.

तुझी आपा

३ जून

बेगायिम,

जमीन झाली. वार्निश दिलंय, रंग नाही. तू कळवलं नव्हतंस तरी मी दिलं. लाकडाच्या गाठी दिसतात, छान दिसतं, हे तुझ्या आधीच लक्षात आलं होतं असं मी गावात सांगतेय.

पेटीच्या जागी फळ्या कमी पडल्या होत्या ना. ल्युबाकडून मागवणार होते. दहावा हिस्सा का घेतला नाही म्हणून तिनं मला फाडून खाल्लं असतं. इसाबेक म्हणाला, थांब. त्यानं उंबऱ्याची तुळई उभी चिरली, चार फळ्या निघाल्या, पेटीखाली बरोबर बसल्या. ज्याच्यावरून सगळे पाय उचलून जायचे, तो आता मानाच्या जागी आहे. कुबातच्या पोटानं गुळगुळीत झालेली फळी मी कडेला बसवून घेतली, पेटीबाहेर चार बोटं दिसेल अशी. झिबेकला हात लावून बघता येईल.

पेटी अजून अंगणातच आहे. आत नेली नाही. लग्नात ती आत आणताना एक बाजू मी धरली होती, दुसरी तुझ्या नणंदेनं. नणंद आता दूर ओश शहरात असते. एक बाजू मी अजून उचलू शकते, दुसरीचं तू बघ. राहायला आलीस तर आत नेऊ. पेटी ट्रकवर चढवायची म्हणून आलीस, तरी मी एक बाजू धरीन. पण ये.

झिबेक, हे तुझ्यासाठी. नवी चौकट तुझ्या धाग्यापेक्षा रुंद आहे, कोपरं लागणार नाहीत. धागा मी कापलेला नाही. त्याच्या दोन्ही टोकांना माझी लोकर जोडून तो दारात आडवा बांधलाय, तुझ्या गुडघ्यांच्या उंचीवर. पहिल्यांदा कापला तेव्हा दुसऱ्याच्या पोरानं कापला होता. या वेळी तुझी तूच कापायचा, उतारावरून येऊन, हवी तेवढी जोरात ये. कात्री माझ्या खिशात आहे.

असा धागा ओलांडायचा नसतो, तुला माहीत आहे. तोवर मी त्याच्याखालून वाकून ये-जा करतेय.

आपा